पडत्या बाजारात आयटी शेअर फंडामेंटल्सवर कसे निवडायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निफ्टी आयटी, म्हणजे आयटी कंपन्यांच्या शेअरभावांचा निर्देशांक, आपटला की वाचकांचे तेच ते प्रश्न नव्याने यायला लागतात: फंडामेंटल्स, म्हणजे कंपनीचा नफा, रोख आणि वाढ, कशी पारखायची? दरवेळी वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांसाठी आहेत, पुढचे गुंतागुंतीचे. कंपन्यांची नावं उदाहरणापुरती आली आहेत. ‘घ्या’ किंवा ‘विका’ असा त्यातून अर्थ काढू नका. आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च धरलं आहे.

१. टेक्नॉलॉजी शेअर म्हणजे नेमके कोणते? टीसीएस आणि झोमॅटो एकाच पंगतीत बसतात का?

नाही. आपल्या बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला, परदेशी ग्राहकांना सेवा विकणाऱ्या कंपन्या: टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल टेक, विप्रो. दुसरा, अभियांत्रिकी किंवा विशिष्ट क्षेत्राचं सॉफ्टवेअर करणाऱ्या, म्हणजे केपीआयटी किंवा एल अँड टी टेक्नॉलॉजी सर्व्हिसेस. तिसरा, झोमॅटोसारखे थेट ग्राहकांशी व्यवहार करणारे इंटरनेट मंच. पहिल्या दोन प्रकारांत नफा, रोख आणि लाभांश बघायला मिळतात. तिसऱ्यात बऱ्याचदा वर्षानुवर्षं तोटाच असतो, त्याची पट्टी निराळी (प्रश्न १३). खाली जिथे वेगळं सांगितलेलं नाही, तिथे पहिला प्रकार डोळ्यासमोर ठेवा.

२. शेअर ४० टक्के पडलाय. म्हणजे स्वस्त मिळतोय ना?

सर्वाधिक वेळा आलेला प्रश्न हाच. भाव पडला एवढंच त्यातून कळतं. स्वस्त झाला का, ते नफ्याकडे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

समजा शेअर १००० रुपयांना होता आणि कंपनी प्रतिशेअर २५ रुपये कमवत होती. पीई (भाव भागिले प्रतिशेअर कमाई) झाला ४०. भाव ६०० वर आला आणि कमाई २५ च राहिली, तर पीई २४. हे खरं स्वस्त होणं. पण त्याच काळात पुढच्या वर्षाच्या कमाईचा अंदाज १५ रुपयांवर घसरला असेल, तर ६०० रुपयांनाही तुम्ही ४० चाच पीई मोजताय. बाजाराने तुम्हाला काहीही सवलत दिलेली नाही.

उलटंही घडतं, आणि त्याचं उदाहरण घरचंच आहे. इन्फोसिसचा १९९९-२००० चा नफा ३०० कोटींच्या आत होता, २००२-०३ चा ९५० कोटींच्या वर गेला. तीन वर्षांत तिपटीहून जास्त. तरीही मार्च २००० च्या शिखरावर शेअर घेतलेला माणूस २००३ मध्ये मोठ्या तोट्यात होता, कारण त्या शिखराच्या सुमारास पीई २०० च्याही वर होता. धंदा उत्तम चालला आणि गुंतवणूक बुडाली, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. आणि तेही प्रामाणिक, नफ्यातल्या कंपनीत. त्याच तेजीत शेअर दलाल केतन पारेखच्या आवडत्या म्हणून गाजलेल्या पेंटामीडिया ग्राफिक्स, डीएसक्यू सॉफ्टवेअर, सिल्व्हरलाइन यांचं पुढे काय झालं, ते जुन्या गुंतवणूकदारांच्या डीमॅट खात्यांत अजून पडून आहे.

३. पडझड बाजाराची आहे, आयटीची आहे की माझ्याच कंपनीची, हे कसं ओळखायचं?

तीन आलेख एकमेकांवर ठेवा: निफ्टी ५०, निफ्टी आयटी आणि तुमची कंपनी.

मार्च २०२० मध्ये तिन्ही एकत्र पडले. कोविडची भीती होती, आयटीच्या धंद्यात मूळचा दोष नव्हता. पुढे तर जगभरच्या कंपन्यांनी कामं ऑनलाइन नेली आणि २०२१-२२ मध्ये इन्फोसिसच्या उत्पन्नाची वाढ १९.७ टक्के झाली (चलनाचा परिणाम वगळून, प्रश्न ५). २०२२ मध्ये चित्र वेगळं होतं. त्या कॅलेंडर वर्षात निफ्टी ५० सुमारे ४ टक्के वर गेला, निफ्टी आयटी मात्र २६ टक्क्यांच्या आसपास घसरला. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने व्याजदर शून्याजवळून उचलून वर्षअखेरीस ४.२५ ते ४.५ टक्क्यांवर नेला होता. अमेरिकी ग्राहकांनी खर्चाला कात्री लावायला घेतली आणि तो फटका थेट आपल्या आयटीला बसला.

निफ्टी आयटी स्थिर असताना तुमचाच शेअर पडत असेल, तर कारण कंपनीत शोधायचं. मोठा ग्राहक गेला का, मुख्य वित्त अधिकाऱ्याने अचानक राजीनामा दिला का, ऑडिटर बदलला का. तिसऱ्या प्रकारच्या पडझडीत घाई करून खरेदी करणाऱ्यांचंच सर्वाधिक नुकसान होतं.

४. कोणते कागद वाचायचे? पैसे भरून कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं लागेल का?

एक रुपयाही लागत नाही. तिमाही निकाल तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत आणि वार्षिक निकाल ६० दिवसांत जाहीर करणं नोंदणीकृत कंपन्यांना बंधनकारक आहे. बीएसई आणि एनएसईच्या संकेतस्थळांवर ते मिळतात. आयटी कंपन्या त्यासोबत एक फॅक्ट शीट काढतात. देशनिहाय आणि उद्योगनिहाय उत्पन्न, मोठ्या ग्राहकांचा वाटा, मनुष्यबळ, गळती (नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण) असं बरंच काही त्यात एकाच ठिकाणी असतं. पडझडीत मी सगळ्यात आधी ती उघडतो.

त्यानंतर कॉनकॉलची, म्हणजे निकालानंतर व्यवस्थापन आणि विश्लेषकांच्या फोनवरच्या बैठकीची, लिखित प्रत. व्यवस्थापनाचं सुरुवातीचं निवेदन चाळलं तरी चालेल, ते दरवेळी गोडच असतं. विश्लेषकांचे प्रश्न मात्र सगळे वाचा. जो प्रश्न तिघांनी फिरवून फिरवून विचारला आणि तिन्ही वेळा उत्तर गोलमाल आलं, तिथे खोदायचं. मागच्या चार तिमाहींच्या प्रती सलग वाचल्या की कुठलं आश्वासन गुपचूप गायब झालं तेही दिसतं.

५. ‘कॉन्स्टंट करन्सी’ म्हणजे काय? रुपयातली वाढ बघितली तर काय बिघडतं?

आयटी कंपनी कमावते डॉलर, पौंड, युरोत आणि ताळेबंद मांडते रुपयांत. समजा गेल्या वर्षी आणि यंदा कंपनीने १०० डॉलरचंच काम केलं, पण डॉलर ८३ वरून ८७ रुपयांवर गेला. रुपयांत उत्पन्न सुमारे ४.८ टक्के वाढलेलं दिसेल. काम तसूभरही वाढलेलं नाही. चलनाचा हा परिणाम वजा केला की उरते ती कॉन्स्टंट करन्सी वाढ. मोठ्या कंपन्या ती दर तिमाहीला देतात.

मंदीत हा फरक जास्त महत्त्वाचा ठरतो, कारण बाजार पडताना अनेकदा रुपयाही पडत असतो. घसरता रुपया मार्जिनलाही (उत्पन्नातल्या नफ्याच्या टक्केवारीलाही) टेकू देतो: कमाई डॉलरची आणि पगारांचा मोठा भाग रुपयांत. वृत्तवाहिनीवरचा ‘नफ्यात ५ टक्के वाढ’ हा मथळा या दोन टेकूंवर उभा असू शकतो.

६. एकच आकडा बघायचा म्हटलं तर कोणता?

धंद्यातून प्रत्यक्ष आलेली रोख आणि निव्वळ नफा यांचं गुणोत्तर. वार्षिक अहवालातल्या रोख प्रवाहाच्या विवरणात ‘कार्यचलनातून रोख’ अशा अर्थाची ओळ असते. तिला निव्वळ नफ्याने भागा. एका वर्षाचा आकडा दगा देऊ शकतो, म्हणून पाच वर्षांची बेरीज घ्या. आयटी सेवांच्या धंद्यात कारखाना नाही, कच्चा माल नाही, गोदामं नाहीत. त्यामुळे नफ्याचा बहुतांश भाग रोखीत यायलाच हवा. टीसीएसमध्ये हे गुणोत्तर १०० टक्क्यांच्या आसपास किंवा वर राहत आलं आहे. पाच वर्षांत ते ७० टक्क्यांखाली असेल तर नफा कुठे अडकलाय ते शोधा.

तो बहुधा दोन ठिकाणी सापडतो. एक म्हणजे येणी: बिल दिलं, पैसे आले नाहीत. दुसरं जास्त फसवं, काम झालं म्हणून उत्पन्न धरलं, पण बिलच अजून दिलेलं नाही. हे ‘अनबिल्ड रेव्हेन्यू’ किंवा ‘कॉन्ट्रॅक्ट ॲसेट्स’ या नावाने ताळेबंदात बसतं. कंपनी पैसे वसूल व्हायला किती दिवस लागतात ते सांगते तेव्हा त्यात अनबिल्ड धरलंय का ते पाहा. मंदीत ग्राहक पैसे लांबवतात, तेव्हा पाचदहा दिवसांची वाढ समजण्यासारखी. उत्पन्न ८ टक्क्यांनी आणि अनबिल्ड ४० टक्क्यांनी वाढलं तर ती वाढ कागदावरची आहे.

७. पण सत्यमकडे तर भरपूर रोख होती. मग रोखीवर तरी विश्वास कसा ठेवायचा?

होती असं दाखवलं होतं. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला लिहिलेल्या पत्रात कबुली दिली: ताळेबंदातली सुमारे ५,०४० कोटींची रोख आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नव्हती. सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत २,७०० कोटींचं उत्पन्न दाखवलं होतं, खरं होतं २,११२ कोटी. ऑपरेटिंग मार्जिन दाखवलं २४ टक्के, खरं होतं ३. त्या एका दिवसात शेअरची तीन चतुर्थांशाहून जास्त किंमत गेली. पुढे टेक महिंद्राने ५८ रुपये भावाने हिस्सा घेऊन कंपनी वाचवली.

बाहेरच्या माणसाला हे आधी पूर्णपणे पकडता आलं असतं असं मी म्हणणार नाही, ऑडिटरनेही सह्या केल्या होत्या. पण दोन गोष्टी उघड्यावर होत्या. डिसेंबर २००८ मध्ये सत्यमने प्रवर्तक कुटुंबाच्याच मायतास नावाच्या दोन बांधकाम क्षेत्रातल्या कंपन्या विकत घ्यायचा घाट घातला होता. गुंतवणूकदार भडकले आणि काही तासांत तो गुंडाळावा लागला. सॉफ्टवेअर कंपनीला जमिनी आणि रस्ते कशाला, हा प्रश्न विचारायला लेखापाल असावं लागत नव्हतं. आणि तोवर प्रवर्तकांचा स्वतःचा हिस्साही अगदी थोडा उरला होता, जो होता त्यातला बराच तारण ठेवलेला.

म्हणून रोखीचा आकडा दिसला की पुढचं विचारा: ती भागधारकांपर्यंत पोहोचते का? लाभांश आणि बायबॅक (कंपनीने स्वतःचे शेअर परत विकत घेणं) खोट्या रोखीतून वर्षानुवर्षं देता येत नाहीत. ढीगभर रोख दाखवूनही कंपनी कर्ज काढत असेल तर दुसरीकडे वळा.

८. मार्जिन किती असलं म्हणजे चांगलं?

टीसीएसचं २४ ते २५ टक्के, इन्फोसिसचं २० ते २१, विप्रोचं आयटी सेवांतलं १६ ते १७ अशी अलीकडच्या वर्षांतली ढोबळ पातळी. मध्यम कंपन्यांची आणखी खाली असू शकतात. एका कंपनीचं मार्जिन दुसरीशी ताडण्यापेक्षा तिचंच गेल्या पाच वर्षांशी ताडा.

मंदीत मार्जिन टिकलं किंवा वाढलं की लोक खूश होतात. इथे थोडं थांबा. नवी भरती थांबवली, बाकावर बसलेल्यांना (प्रकल्पाविना असलेल्या कर्मचाऱ्यांना) कामाला लावलं, उपकंत्राटदार कमी केले, पगारवाढ पुढे ढकलली की एक-दोन वर्षं मार्जिन छान दिसतं. २०२३-२४ मध्ये टीसीएसचं मनुष्यबळ १३ हजारांहून जास्त घटलं, इन्फोसिसचं जवळपास २६ हजारांनी. खर्च आवरला हे व्यवस्थापनाचं कौशल्यच, पण आवरण्याला तळ असतो. मागणी परतली की भरती, पगारवाढ आणि गळती तिन्ही एकदम अंगावर येतात. २०२२ मध्ये इन्फोसिसची गळती २८ टक्क्यांवर गेली होती, ती आधीच्या तेजीचीच किंमत होती. मला स्वतःला थोडं घटलेलं मार्जिन आणि चालू असलेली भरती जास्त आश्वासक वाटते.

९. कंपनीने विक्रमी डील (कामाचे करार) जाहीर केल्या. आता वाढ नक्की ना?

नक्की नाही. २०२३-२४ मध्ये इन्फोसिसने १७.७ अब्ज डॉलरच्या मोठ्या डील मिळवल्या, तोवरचा तिचा विक्रम. त्याच वर्षी उत्पन्नाची वाढ झाली १.४ टक्के (कॉन्स्टंट करन्सीत).

घोळ असा की डीलचं एकूण मूल्य पाच-सात वर्षांत पसरलेलं असतं आणि त्यात जुन्या करारांचं नूतनीकरणही असतं. शिवाय जाहीर होतात त्या मोठ्या डील. ग्राहक गाजावाजा न करता जे छोटे प्रकल्प थांबवतो, त्यांची बातमी होत नाही. मंदीत नेमके तेच आधी थांबतात. वरून डील ओतल्या जातात आणि खालून काम गळतं. म्हणून डीलच्या आकड्यात ‘निव्वळ नवं’ किती टक्के ते पाहा आणि पुढच्या दोन तिमाहींत उत्पन्न हललं का याची वाट बघा. तोवर शेअर १० टक्के महाग झाला तरी चालेल.

१०. गायडन्सवर (कंपनीने स्वतः दिलेल्या वाढीच्या अंदाजावर) किती भरवसा ठेवायचा?

दिशा कळण्यापुरता. एप्रिल २०२३ मध्ये इन्फोसिसने वर्षासाठी ४ ते ७ टक्के वाढीचा अंदाज दिला आणि पुढच्या सत्रात शेअर ९ टक्क्यांहून जास्त पडला. जुलैमध्ये अंदाज १ ते ३.५ वर आला, ऑक्टोबरमध्ये १ ते २.५, जानेवारीत १.५ ते २. प्रत्यक्षात १.४. म्हणजे पहिला अंदाज ‘फार निराशाजनक’ म्हणून बाजाराने विकला, आणि तोही फार आशावादी निघाला!

यात लबाडी नव्हती. ग्राहकांनाच आपलं बजेट माहीत नव्हतं. मंदीत पहिली कपात क्वचितच शेवटची असते, एवढं लक्षात ठेवलं तर पहिल्याच पडझडीत सगळे पैसे गुंतवायचा मोह आवरतो (प्रश्न १५). टीसीएस असा वार्षिक आकडा देतच नाही, तिथे कॉनकॉलवरच भागवावं लागतं.

११. पीई कितीच्या खाली घ्यावा?

सर्वांना लागू होईल असा आकडा नाही. गेल्या दहा वर्षांत त्या कंपनीला बाजाराने कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती पीई दिला ते बघा, आणि त्या-त्या वेळी वाढ किती होती तेही शेजारी लिहा. १५ टक्के वाढीच्या काळात मिळालेला ३० चा पीई ४ टक्के वाढीच्या काळात परत मिळेल, ही अपेक्षाच चुकीची.

मोठ्या सेवा कंपन्यांसाठी दुसरा रस्ता सोपा आहे. वर्षाचा लाभांश अधिक सरासरी बायबॅक भागिले बाजारमूल्य. हा परतावा ४ टक्के आणि तुमच्या मते दीर्घकाळची वाढ ६ टक्के असेल, तर हातात अंदाजे १० टक्के पडतात. मुदत ठेवीच्या व्याजापेक्षा हा फरक पुरेसा वाटतो का, ते तुम्ही ठरवायचं.

१२. पुण्याच्या पर्सिस्टंट, केपीआयटी अशा कंपन्या मोठ्यांपेक्षा वेगाने वाढतात म्हणे. पीई जास्त असला तरी घ्याव्यात का?

आपल्या गावची कंपनी म्हणून ओढ असते, ती बाजूला ठेवा. (तसं तर इन्फोसिसही १९८१ मध्ये पुण्यातच सुरू झाली होती.) मध्यम कंपन्या वेगाने वाढू शकतात, कारण छोट्या पायावर एक मोठी डीलही फरक पाडते. तोच छोटा पाया उलटाही फिरतो. फॅक्ट शीटमध्ये पहिल्या पाच आणि पहिल्या दहा ग्राहकांचा वाटा बघा. एकाच ग्राहकाकडून उत्पन्नाचा पाचवा हिस्सा येत असेल, तर तुम्ही खरं तर त्या ग्राहकाचं बजेट विकत घेताय.

केपीआयटी हे याचंच दुसरं रूप. २०१९ मध्ये तिचा सर्वसाधारण आयटी धंदा बिर्लासॉफ्टकडे गेला आणि वाहनांच्या सॉफ्टवेअरची कंपनी वेगळी झाली. त्यामुळे ती एका विषयात पारंगत आहे आणि जगभरच्या मोटार कंपन्यांच्या संशोधन खर्चाला बांधलेलीही आहे. फोक्सवॅगन-टोयोटांच्या जगात काय चाललंय ते वाचायची तयारी नसेल, तर हा शेअर ६० च्या पीईलाही नको आणि ३० च्याही नको.

१३. तोट्यातल्या कंपनीचे फंडामेंटल्स कसे बघायचे? झोमॅटो पडला तेव्हा घेणारे श्रीमंत झाले.

झोमॅटो, आताची इटर्नल, जुलै २०२१ मध्ये ७६ रुपयांना शेअरबाजारात आली, वर्षभरात ४० च्या आसपास गेली आणि जून २०२३ च्या तिमाहीत तिने पहिला नफा दाखवला, अवघे २ कोटी. पुढची तेजी सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच वर्षी २,१५० रुपयांना आलेला पेटीएम पहिल्याच दिवशी २७ टक्के पडला, तेव्हाही ‘पडलाय, घ्या’ असंच लोक म्हणत होते.

इथे तीन गोष्टी बघतो. एक, प्रत्येक ऑर्डरमागे थेट खर्च वजा जाता काही उरतं का, आणि ते तिमाहीगणिक सुधारतं का. दोन, हातातली रोख भागिले तिमाहीत जळणारी रोख: दहा तिमाही पुरेल की तीन? मंदीत नवं भांडवल कोणी देत नाही, त्यामुळे तीन तिमाहींचा दम म्हणजे धोका. तीन, एखादा नियामक एका पत्राने धंद्याचा कणा मोडू शकतो का. पेटीएमच्या बाबतीत ३१ जानेवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. झोमॅटोत पहिल्या दोन्ही आकड्यांची सुधारणा २०२२-२३ च्या निकालांतच दिसत होती.

१४. मी हिंजवडीत आयटीतच नोकरीला आहे. धंदा आतून कळतो, मग आयटीचेच शेअर घेतले तर?

धंदा कळतो हा फायदा खरा आहे. अडचण दुसरीच आहे. पगार आयटीचा, कंपनीने दिलेले शेअर आयटीचे, वाकडमधला कर्जावरचा फ्लॅट, ज्याची किंमत आणि भाडं आसपासच्या आयटी नोकऱ्यांवर अवलंबून, आणि बायको किंवा नवराही बऱ्याचदा त्याच क्षेत्रात. मंदी आली की सगळं एकदम हलतं. अशा घराने डीमॅटमध्ये आयटीचा वाटा इतरांपेक्षा कमी ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. मिळालेले शेअर खुले झाले की टप्प्याटप्प्याने विकून बाकीच्या क्षेत्रांत वळवावेत.

आणि स्वतः नोंदणीकृत कंपनीत असाल, तर आपल्या कंपनीचे शेअर घेताना-विकताना ‘ट्रेडिंग विंडो’ (कर्मचाऱ्यांना व्यवहाराची मुभा असलेला काळ) बंद आहे का ते तपासा. प्रकल्प रद्द झाल्याची आतली माहिती असताना केलेला सौदा सेबीच्या नियमांत गुन्हा आहे, रक्कम कितीही छोटी असो.

१५. पडत्या भावात आणखी शेअर घेऊन ॲव्हरेज (सरासरी खरेदीभाव कमी) करू का?

पहिली खरेदी का केली ते दोन ओळींत लिहून ठेवलं असेल तर करता येईल. नवे निकाल आल्यावर त्या ओळी वाचा. कारण शाबूत असेल आणि फक्त भाव पडला असेल, तर पुढचा हप्ता. कारणच मोडलं असेल, तर भाव कितीही खाली असो, नाही. मी हप्ते भावाच्या पातळीनुसार न ठरवता तिमाही निकालांनुसार ठरवतो: चार निकाल, चार हप्ते. मध्ये शेअर वर गेला तर जाऊ दे.

ब्रोकरकडून उधारीवर शेअर घ्यायची एमटीएफ सोय यासाठी वापरू नका. कंपनी बरोबर निवडली असली, तरी मार्जिन कॉल, म्हणजे ब्रोकरची जादा पैशांची मागणी, तळालाच तुम्हाला विकायला लावतो.

१६. एआयमुळे हे सगळं निरर्थक होणार का?

काळजी खरी आहे. कोड लिहिणं, चाचणी, देखभाल यांत वेळ वाचतो आणि ग्राहक त्या बचतीत वाटा मागतात. माणसांच्या तासांवर बिल करणाऱ्या कंपनीला तेच काम कमी पैशांत करावं लागतं. दुसरीकडे जुनी प्रणाली बदलण्याची, डेटा नीट लावण्याची नवी कामंही निघतात. कोणतं पारडं जड होईल हे भाषणांतून कळत नाही, आकड्यांतून कळेल: नूतनीकरणात दर किती कमी झाले याबद्दल कॉनकॉलवर काय बोललं जातं, प्रतिकर्मचारी उत्पन्न वाढतंय का, आणि ते वाढताना एकूण उत्पन्नही वाढतंय का. फक्त माणसं कमी झाल्याने पहिला आकडा वाढला असेल तर ती प्रगती नव्हे.

पीई दहा वर्षांच्या तळाला आलाय म्हणून ‘सगळं भावात आलंय’ असं धरू नका. प्रश्न २ चं गणित इथे दर तिमाहीला नव्याने करावं लागेल.

१७. मुलगा अमेरिकेत आहे, तो नॅस्डॅकचे शेअर घेतो. त्याला हेच निकष लागू?

बरेचसे. नॅस्डॅक निर्देशांकाला मार्च २००० चं शिखर पुन्हा गाठायला एप्रिल २०१५ उजाडला, म्हणजे प्रश्न २ तिथेही तितकाच लागू. तर २०२२ मध्ये मेटाचा शेअर सुमारे ६४ टक्के पडला, पण कंपनीच्या धंद्यातून त्या वर्षीही ५० अब्ज डॉलर रोख आली. पुढच्या वर्षी शेअर जवळपास तिप्पट झाला.

एक जास्तीची गोष्ट त्याने बघावी. तिथल्या कंपन्या पगाराचा मोठा भाग शेअरमध्ये देतात आणि ‘समायोजित’ नफा सांगताना हा खर्च वगळतात. रोखीतूनही तो दिसत नाही. तो वजा करूनच नफा मोजायचा.

१८. माझा शेअर एका रात्रीत ५० टक्के पडलेला दिसतोय आणि बातमी काहीच नाही!

बहुधा बोनस किंवा शेअरविभाजन. विप्रोने डिसेंबर २०२४ मध्ये एकास एक बोनस दिला तेव्हा भाव निम्मा आणि शेअर दुप्पट झाले, मूल्य तेच. नवे शेअर डीमॅटमध्ये दिसायला थोडा वेळ लागतो, तोवर ॲप घाबरवतं. नव्या भावाला जुन्या ईपीएसने (प्रतिशेअर कमाईने) भागून ‘पीई निम्मा झाला’ असं समजणारेही दर बोनसला भेटतात.

१९. एवढं वाचायला वेळ नाही. निफ्टी आयटीचा ईटीएफ (निर्देशांकातले शेअर एकत्र घेणारा फंड) घेतला तर?

चालेल. त्यात दहा कंपन्या असतात आणि बहुतांश वजन पहिल्या तीन-चारांचं. एखादं सत्यम तुम्हाला बुडवणार नाही, पण क्षेत्राची मंदी पूर्ण सोसावी लागेल. प्रश्न १४ मधल्या घरांनी हाही जपूनच घ्यावा.

२०. तोट्यातला शेअर विकून कर वाचवावा आणि परत घ्यावा, हे जमतं का?

जमतं. १२ महिन्यांच्या आत विकलेल्या शेअरचा अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या भांडवली नफ्यातून वजा होतो, दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातून. उरलेला तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो, अट एकच: विवरणपत्र मुदतीत भरलेलं हवं. २३ जुलै २०२४ पासून अल्पकालीन नफ्यावर २० टक्के आणि सव्वा लाखावरच्या दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के कर आहे, त्यावरून बचत किती ते काढा. विकलेला शेअर त्याच दिवशी परत घेऊ नका, तो सौदा इंट्राडे धरला जातो आणि तोटा नोंदलाच जात नाही. परत घेतल्यावर १२ महिन्यांची मोजणी नव्याने सुरू होते.

बायबॅकचं गणित वेगळं आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून बायबॅकची पूर्ण रक्कम भागधारकाच्या हाती लाभांशासारखी करपात्र धरली गेली, आधी कर कंपनी भरत असे. हे नियम अलीकडे सारखे बदलत आहेत, त्यामुळे शेअर देण्याआधी त्या वर्षीचा नियम सीएला विचारा. दोन लाख रुपयांपर्यंतचे शेअर असलेल्या छोट्या भागधारकांसाठी टेंडर पद्धतीच्या (ठरलेल्या भावाला शेअर देऊ करण्याच्या) बायबॅकमध्ये १५ टक्के राखीव असतात, पण रकमेवर लाभांशासारखा कर लागत असेल आणि तुम्ही ३० टक्क्यांच्या कराच्या टप्प्यात असाल तर बाजारभावापेक्षा जास्त दिसणारा बायबॅकचा भाव हातात पडेपर्यंत कमीही ठरू शकतो.